ओट्यावरची रांग आणि कोठ्यातली बाटली

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की कळंबच्या घराघरांत मुंग्या वाढतात. यवतमाळ–नागपूर रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव चिंतामणी गणपतीसाठी ओळखलं जातं. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. ठरावीक वर्षांनी तिथल्या कुंडातलं पाणी चढतं आणि मूर्तीच्या पायांना लागून उतरतं, अशी त्याची ख्याती आहे. जमिनीत पाणी चढतं म्हणजे काय होतं, हे इथल्या मुंग्यांनाही दर पावसाळ्यात कळतं. विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगते. या आक्रसण्या-फुगण्यात घराचा पाया हलतो, जोत्याला चिरा जातात, फरशीचे सांधे उघडतात. उन्हाळाभर मुंग्यांची वारुळं याच चिरांत वाढलेली असतात. मग पाणी आत शिरतं आणि अख्खी वसाहत अंडी, अळ्या, कोष उचलून वर सरकते. वर स्वयंपाकघर असतं.

साखरेच्या डब्यात, गुळाच्या ढेपेवर, झाकून ठेवलेल्या दुधाच्या पातेल्याभोवती रांग दिसली की घरातलं माणूस हाताशी असेल ते घेऊन धावतं. पुण्या-मुंबईत हाताशी येतो तो फवाऱ्याचा डबा. कळंब, राळेगाव, घाटंजीकडच्या कापूसवाल्या घरात कोठ्याच्या कोनाड्यात पऱ्हाटीवर मारून उरलेलं औषध असतं. अर्धी बाटली टाकून द्यायला जीव होत नाही, कारण तिला पैसे पडलेले असतात. ‘बोंडअळी मरते तर मुंगी काय चीज आहे’ असं म्हणून त्यातलं टोपणभर औषध पाण्यात मिसळलं जातं आणि ओट्यामागे, चुलीजवळ, देवघराच्या कोपऱ्यात शिंपडलं जातं. घरातल्या मुंग्यांबद्दल यवतमाळ जिल्ह्यात बोलायचं तर या बाटलीपासूनच सुरुवात करावी लागते.

या जिल्ह्याने त्या बाटलीची मोठी किंमत मोजली आहे. 2017च्या खरिपात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो जणांवर रुग्णालयांत उपचार करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. विष कुणी प्यालं नव्हतं. ते कातडीतून आणि श्वासातून आत गेलं. राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबर 2017मध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी आली. ती पाच अशी: प्रोफेनोफॉस 40 टक्के व सायपरमेथ्रिन 4 टक्के यांचं मिश्रण, फिप्रोनिल 40 टक्के व इमिडाक्लोप्रिड 40 टक्के यांचं मिश्रण, अ‍ॅसिफेट 75 टक्के, डायफेन्थिउरॉन 50 टक्के आणि मोनोक्रोटोफॉस 36 टक्के.

उघड्या शेतात, वारा वाहत असताना कातडीवाटे माणूस मारणारं औषध बंद खोलीत, पोळपाट-लाटण्यापासून हातभर अंतरावर शिंपडलं तर काय होईल, याचा विचार करायला हवा. शेतातलं औषध ऊन, पाऊस आणि जिवाणू हळूहळू विघटित करतात. घरात ऊनही नाही आणि पाऊसही नाही. तिथे ते फरशीच्या सांध्यात, लाकडात, भिंतीच्या पोपड्यात कितीतरी जास्त काळ टिकतं. त्याच फरशीवर रांगणारं मूल असतं आणि त्याचा हात दर मिनिटाला तोंडात जातो.

बंदीच्या यादीतल्या फिप्रोनिलकडे जरा थांबून पाहावं. घरातल्या झुरळांसाठी इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत जी जेल मिळते, तिच्यातही फिप्रोनिल असतं, पण 0.05 टक्के. शेतातल्या त्या मिश्रणात ते 40 टक्के होतं, म्हणजे 800 पट. आणि मुंग्यांसाठी बनवलेल्या काही आमिषांत ते 0.05 टक्क्यांपेक्षाही कितीतरी कमी असतं. मुंगीच्या बाबतीत विष जितकं सौम्य तितका निकाल पक्का. हे उलटं वाटतं, म्हणून मुंग्यांचं घर कसं चालतं ते पाहायला हवं.

ओट्यावर दिसतात त्या सगळ्या कामकरी माद्या असतात आणि त्या वसाहतीचा छोटा हिस्सा असतात. बाकीच्या, राणीसह, भिंतीत किंवा जोत्याखाली असतात. कामकरी मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. तोंडाजवळच्या एका खिशात कण गाळले जातात आणि फक्त द्रव पोटात जातो. तिला दोन पोटं असतात: एक स्वतःसाठी, दुसरं सगळ्यांसाठी. साखरपाणी या दुसऱ्या पोटात भरून ती घरी जाते आणि तोंडाला तोंड लावून दुसरीला पाजते, दुसरी तिसरीला. अशा हस्तांतरातून ते राणीपर्यंत पोहोचतं. घन अन्नाचे कण अळ्यांपुढे ठेवले जातात. अळ्या ते पचवतात आणि त्यातला रस मोठ्या मुंग्यांना परत देतात.

रांग बनते ती वासाने. खाऊ सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाते आणि गंधाचे ठिपके सोडते. दुसरी त्या ठिपक्यांवरून जाते, खाऊ मिळाला तर परतताना आपले ठिपके त्यात मिसळते. खाऊ संपला की कुणी नवे ठिपके टाकत नाही आणि वाट विरून जाते. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी 1959मध्ये आगमुंग्यांवर प्रयोग करून हा गंध शरीरातल्या डुफोर ग्रंथीतून येतो हे दाखवलं. त्या इवल्या ग्रंथीचा अर्क काचेवर ओढला की मुंग्या त्या रेषेवरून चालू लागत. घरातल्या माणसाला यातून एक कामाची गोष्ट कळते: दिसणाऱ्या शंभर मुंग्या चिरडल्या आणि वाट तशीच ठेवली, तर तासाभरात त्याच वाटेवर दुसऱ्या शंभर येतात.

आता शेतातलं जहाल औषध या व्यवस्थेत टाकून पाहा. ज्या मुंगीला ते लागतं ती तिथेच मरते आणि घरी काहीच नेत नाही. राणी सुखरूप राहते, रोज अंडी घालते आणि आठवडा-पंधरवड्यात रांग पुन्हा उभी राहते. काही जातींत तर याहून वाईट घडतं. फिकट पिवळसर, तिळाहून लहान अशी फॅरो मुंगी, शास्त्रीय नाव मोनोमोरियम फॅराओनिस, एका वसाहतीत अनेक राण्या बाळगते. फवारा बसला की वसाहत फुटते, एकेक राणी थोड्या कामकऱ्यांना घेऊन वेगळ्या फटीत जाते आणि एका वारुळाची चार होतात. ‘औषध मारल्यापासून मुंग्या उलट वाढल्या’ अशी तक्रार घराघरांत ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं.

अमेरिकेने हा धडा फार मोठ्या प्रमाणावर घेतला. दक्षिणेकडच्या राज्यांत पसरलेल्या आगमुंग्यांचा नायनाट करायचा म्हणून तिथल्या कृषी खात्याने 1957मध्ये मोहीम उघडली. नऊ राज्यांतल्या दोन कोटी एकर जमिनीचं लक्ष्य ठेवून विमानांतून डायएल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर टाकायला सुरुवात झाली. पक्षी, ससे, मासे, गोठ्यातली जनावरं आणि पाळीव कुत्री मेली. राचेल कार्सन यांनी 1962च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या मोहिमेची हकीकत मांडली आहे. आगमुंग्या आजही त्या राज्यांत आहेत.

कळंबच्या घरात येणारी प्रत्येक मुंगी एकाच उपायाची नसते. डोकं काळं आणि मागचा भाग इतका फिकट की पांढऱ्या फरशीवर अर्धी मुंगीच दिसावी, ती टॅपिनोमा. ही गोडाची वेडी. पाय लांब, अंग राखाडी-काळं आणि रांगेत नीट न चालता सैरावैरा धावते ती पॅराट्रेचिना. ही दुपारी खिडकीतून येते आणि संध्याकाळी पत्ता बदलते. लाल, चावली की आग होणारी सोलेनॉप्सिस बहुतेक अंगणात, तुळशीवृंदावनाच्या बुडाशी, न्हाणीच्या मोरीजवळ घर करते. हिला गोडापेक्षा तेलकट आणि मांसाहारी पदार्थ जास्त आवडतात. मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस, रात्री दिव्याच्या उजेडात गुळाशी दिसतो. तो बाहेरच्या झाडाखाली किंवा सडक्या लाकडात राहतो आणि घरात फक्त जेवायला येतो. त्याच्यासाठी बाहेरचं खोड, दारापर्यंत टेकलेली फांदी आणि उघडा डबा एवढंच पाहिलं तरी पुरतं.

खरं काम रात्री सुरू करावं. जेवणं आटोपल्यावर टॉर्च घेऊन रांगेमागे उलटं जायचं, म्हणजे खाऊकडून घराकडे. कुठे सिंकच्या नळामागची फट निघते, कुठे दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा, कुठे विजेच्या वायरीसाठी पाडलेलं भोक. तिथे पेन्सिलने खूण करावी, लगेच बुजवू नये. आधी आमिषाचं काम उरकायचं असतं. मार्ग बंद झाला तर मुंग्या दुसरीकडून फुटतात आणि आमिष घरी नेणारं कुणी उरत नाही.

त्याच रात्री दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात: साखरपाण्याचा एक थेंब आणि शेंगदाण्याच्या कुटाची चिमूट. अर्ध्या तासात गर्दी कशावर होते ते दिसतं. वसाहतीत अळ्या वाढत असतील तर मुंग्यांना प्रथिनं आणि तेल हवं असतं, एरवी साखर. आमिष त्यांच्या भुकेप्रमाणे द्यायचं. बाजारातलं आमिष ‘चालत नाही’ म्हणून फेकलं जातं, तेव्हा बहुधा ही भूकच चुकलेली असते.

आमिषासाठी भरवशाची वस्तू म्हणजे बोरिक अ‍ॅसिड. कॅरमच्या बोर्डावर सोंगट्या घसरण्यासाठी भुरभुरायची ती बोरिक पावडर बहुतेकांनी पाहिलेली असते. आता कॅरम पावडर म्हणून नुसता स्टार्चही मिळतो, त्यामुळे औषधांच्या दुकानातून नाव वाचूनच घ्यावी. अमेरिकेत कीटकनाशक म्हणून तिची नोंदणी 1948मध्ये झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिव्हरसाइडच्या कीटकशास्त्रज्ञांनी साखरपाण्यात वेगवेगळं प्रमाण घालून पाहिलं, तेव्हा साधारण एक टक्का हे प्रमाण कामाचं ठरलं. घरच्या मापात सांगायचं तर 100 मिलिलिटर कोमट पाणी, दोन सपाट चमचे साखर आणि पाव चमचा बोरिक पावडर, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. प्रमाण वाढवलं की मुंग्या ते टाळतात किंवा वाटेतच मरतात. एक टक्क्याने मरायला दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात ते पोटापोटांतून आत पोहोचतं.

कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून बाटलीच्या जुन्या टोपणात ठेवावा. टोपण झाकणाच्या डब्यात ठेवावं आणि डब्याला मुंगी शिरेल एवढी भोकं पाडावीत, म्हणजे मुलांचा किंवा मांजराचा हात-तोंड तिथे पोहोचत नाही. रांगेच्या अगदी बाजूला हा डबा ठेवला की पहिल्या दिवशी गर्दी दुप्पट होते. घरातली मंडळी घाबरून त्यावर फवारा मारतात आणि सगळं मुसळ केरात जातं. त्या दिवशी मुंग्यांना मुळीच हात लावायचा नाही. तीन-चार दिवसांत रांग विरळ होऊ लागते, वसाहत मोठी असेल तर दोन आठवडे लागतात, फॅरो मुंगी असेल तर त्याहून जास्त. पाणी आंबतं किंवा सुकतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बोळा बदलावा. तेलकट खाणाऱ्यांसाठी तीच पावडर शेंगदाण्याच्या कुटात किंवा खोबरेल तेलात थोडीशी मिसळून ठेवता येते.

बोरिक पावडर सौम्य आहे म्हणून निरुपद्रवी समजू नये. एके काळी ती तान्ह्या बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर लावली जायची. कातडीतून ती शोषली गेली आणि बाळं दगावली, म्हणून तो वापर बंद पडला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेने प्रजननावर परिणाम दिसले आहेत. त्यामुळे गरोदर बाईने ती हाताळू नये. ढवळायला वापरलेला चमचा पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. उरलेलं पाणी शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नये, ते ओतून टाकावं. हे जमणार नसेल तर मुंग्यांसाठीची तयार जेल घ्यावी. तिचा मोहरीएवढा ठिपका पुरतो आणि पाच ठिकाणचे पाच ठिपके एका मोठ्या गोळ्यापेक्षा चांगलं काम करतात.

रांग थांबली की मग वाट पुसायची. साबणाच्या पाण्याने, आणि घरात असेल तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने, ओटा, भिंत, डब्यांची बुडं पुसली की गंध जातो. खुणा केलेल्या फटी पांढऱ्या सिमेंटने, नळाभोवतीच्या एम-सीलने, मातीच्या भिंती असतील तर शेणामातीच्या लिंपणाने बुजवाव्यात. गॅसच्या शेगडीखाली सांडलेलं दूध, सिलिंडरच्या बुडाचा चिकट गोल, रात्रभर राहिलेली खरकटी भांडी आणि गोठा घराला लागून असेल तर सरकीच्या ढेपेचं उघडं पोतं या चार जागा कधी विसरू नयेत.

जुन्या उपायांपैकी काही खरोखर शहाणपणाचे आहेत. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची पद्धत त्यातली पहिली. लाडवाचा डबा परातीत पाणी घालून मधे ठेवणं हाही तोच प्रकार. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास बाहेर येतो. म्हणून वाटीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी ओतावं, वाटी घासावी आणि नव्या पाण्यात साबणाचा थेंब टाकावा. त्याने मुंगीही लवकर बुडते.

साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढतात, तीही निरर्थक नाही. हळदीच्या तेलातली द्रव्यं अनेक किड्यांना दूर ठेवतात. पण रेघ फक्त अडवते, वसाहत कमी करत नाही आणि ओल आली की तिचा जोर जातो. रवा खाऊन मुंगीचं पोट फुटतं ही समजूत मात्र खोटी आहे. कामकरी मुंगी रवा गिळतच नाही, अळ्यांसाठी घेऊन जाते.

कापूर आणि डांबरगोळ्या मात्र घरातल्या लहानांपासून लांब ठेवायला हव्यात. कापराचा छोटा तुकडा गिळला तरी मुलाला झटके येऊ शकतात. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनने, जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. अनेकांना ती कमतरता आपल्यात आहे हे माहीतही नसतं. रॉकेलचं पोतेरं फिरवणं हा आणखी एक जुना उपाय. रॉकेल चुकून पोटात गेलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

आणि पावडरी. ‘गॅमॅक्सिन’ आणि डीडीटी या नावांनी ओळखलेल्या पांढऱ्या पावडरी अजून काही घरांच्या माळ्यावर सापडतात. गॅमॅक्सिन ज्याचं असे त्या बीएचसीवर भारतात 1997मध्ये बंदी आली. त्यातला कीड मारणारा घटक लिंडेन 2013पासून वापरातून गेला. घरात फवारण्यासाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं डायक्लोरव्हॉस आणि दाणेदार फोरेट, म्हणजे गावात ‘थिमेट’ म्हणून माहीत असलेलं औषध, यांवर 2018च्या केंद्रीय आदेशाने 2020च्या अखेरीपासून बंदी आहे. थिमेटचे दाणे वारुळात टाकायची सवय फार धोक्याची. अंगणातल्या कोंबड्या ते धान्य समजून टिपतात आणि हाताने दाणे टाकणाऱ्यालाही बाधा होते. उरलेला साठा नाल्यात ओतू नये, जाळू नये आणि पुन्हा वापरूही नये. कुलपात ठेवून तालुका कृषी कार्यालयात विचारावं.

कीटकनाशकाचा खडू हे घराघरातलं सर्वांत विश्वासाने वापरलं जाणारं विष आहे. त्यात बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. प्रमाण कमी असतं, पण दिसायला तो शाळेतल्या खडूसारखाच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा बेकायदा ‘चमत्कारी’ खडूंबद्दल वारंवार इशारे दिले आहेत, कारण मुलं त्याने पाटीवर लिहितात आणि तो तोंडात घालतात. भांड्यांच्या मांडणीवर, पोळपाटाजवळ, पाळण्याच्या पायांवर त्याची रेघ नको. मासे पाळणाऱ्यांनी आणि मांजर असणाऱ्यांनी जास्तच जपावं, या गटातली औषधं दोघांनाही फार लागतात. दाबून फवारायचे डबे ज्वालाग्राही वायूवर चालतात, म्हणून पेटत्या शेगडीजवळ किंवा देवापुढच्या समईजवळ ते दाबणं म्हणजे आगीला बोलावणं.

विकत घेतलेल्या प्रत्येक पाकिटावर चौकोनी खूण असते. कीटकनाशक कायदा 1968चा, त्याखालचे नियम 1971चे. त्यांनुसार चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्याहून कमी. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही रंग कळावा म्हणून ही सोय आहे. घरात लाल आणि पिवळ्या खुणेचं पाकीट येऊच नये. आणि ज्या पाकिटावर ‘घरगुती वापरासाठी’ असं लिहिलेलं नाही ते घरात वापरणं ही नुसती हयगय नव्हे, ते लेबलाबाहेरचं वापरणं आहे. सुटं, दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेलं औषध घेऊ नये, कारण त्याच्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

रिकाम्या डब्यांची गोष्ट निघाली की बिहारमधल्या गंडामनचं नाव घ्यावं लागतं. 16 जुलै 2013 रोजी सारण जिल्ह्यातल्या या गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन जेवून 23 मुलं मेली. स्वयंपाकाचं तेल मोनोक्रोटोफॉसच्या डब्यात ठेवलेलं होतं. यवतमाळच्या 2017च्या यादीतलं पाचवं नाव तेच आहे. औषधाचा डबा धुऊन त्यात तेल, दूध, धान्य ठेवणं, किंवा मुंग्यांसाठी साखरपाणी कालवणं, हे कितीही काटकसरीचं वाटलं तरी करू नये.

घरात काही जागांना वेगळी काळजी लागते. दुधाचं तोंड आणि तेल लावलेलं अंग यामुळे बाळाच्या पाळण्याकडे मुंग्या खेचल्या जातात आणि दोरीवरून खाली उतरतात. तिथे कुठलंही औषध नको. दोरीच्या वरच्या भागावर कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा, बाळाचं तोंड पुसून झोपवावं आणि पाळणा भिंतीपासून दूर टांगावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या जखमेवरच्या पट्टीकडेही असंच लक्ष हवं. फॅरो मुंग्या रुग्णालयांत जंतू वाहून नेतात हे 1972मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासातून पुढे आलं होतं.

कुंडीतल्या जास्वंदीवर किंवा कढीपत्त्यावर मुंग्यांची ये-जा दिसली तर पानाखाली पाहावं. तिथे मावा किंवा पिठ्या ढेकूण असतो. हे किडे गोड चिकटा सोडतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात. कापूस पिकवणाऱ्याला हे नातं शेतातही दिसतं. साबणाच्या पाण्याने पानं धुतली, किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारलं, की चिकटा जातो आणि मुंग्या आपोआप कुंडी सोडतात. विजेच्या बोर्डात मुंग्या शिरल्या असतील तर मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवावं, पाणी किंवा फवारा मारू नये. आणि शौचालयात, न्हाणीत लघवीच्या जागी रोज मुंग्या जमत असतील तर घरातल्या माणसांची रक्तातली साखर तपासून घ्यावी. चरकसंहितेने ही खूण प्रमेहाच्या लक्षणांत नोंदवली आहे. लघवीतल्या इतर द्रव्यांमुळेही मुंग्या येतात, म्हणून ती निदान नाही, पण तपासणीला निमित्त म्हणून पुरेशी आहे.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्यांचा थवा आला की गोंधळ उडतो. त्या मुंग्या असतील तर काळजीचं कारण नाही. त्यांची कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. कंबर दिसत नसेल, मिशा सरळ मण्यांच्या आणि चारही पंख सारखे लांब असतील तर ती वाळवी, वऱ्हाडातली उधई. तिच्यावर मुंग्यांचा कुठलाही उपाय चालत नाही. लाकूडकामाची तपासणी परवानाधारक माणसाकडून करून घ्यावी आणि कोणतं द्रव्य वापरणार ते त्याला आधी विचारावं. घरातला दिवा मालवून अंगणातला लावला की तेवढी संध्याकाळ निभावते.

इतकं सगळं करूनही कधी मुलाच्या तोंडात काही गेलंच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. रॉकेल किंवा तेलकट औषध असेल तर ओकताना ते फुप्फुसात जातं. दूधही पाजू नये. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावं, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडावी. तोंडाला लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, उलटी, धाप ही लक्षणं दिसली तर वेळ घालवू नये. मोनोक्रोटोफॉसच्या गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपीन हे इंजेक्शन असतं आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्रासाठी 1800-116-117 हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक फिरवावा. दवाखान्यात निघताना बाटली किंवा पाकीट सोबत घ्यावं. डॉक्टरांना त्यावरचं द्रव्याचं नाव आणि टक्केवारी वाचायची असते आणि उपचार त्यावरून ठरतात.